एका संत्र्याएवढे वजन

कचेरीतल्या माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून लोखंडी नळीचा एक तुकडा असतो. वीतभरही नाही, साधारण चार इंचांचा. उभा चिरलेला, त्यामुळे पन्हळीसारखा दिसतो. बाहेरून काळा रंग आणि त्यावर सोनेरी रेघेची पुसट खूण, आतून मात्र तांबूस, खरबरीत, देवी आलेल्या चेहऱ्यासारखा. आवक-जावक पाहणाऱ्या आमच्या सहकारी बाई एकदा म्हणाल्या, "सरकार काचेचा पेपरवेट देते, तुम्ही घरून भंगार का आणता?" मी हसून वेळ मारून नेली. फाईली दाबायला तो बरा पडतो हे एक कारण झाले. दुसरे कारण जरा लांबचे आहे. नेमके सांगायचे तर सौंसर-पांढुर्ण्याचे. आज ते सांगतो.

सौंसर ही माझी सासुरवाडी. बायकोचे काका वास्कोला बंदरात नोकरीला होते, त्यांनी स्थळ आणले. लग्न ठरले तेव्हा आमच्या फोंड्यातल्या नातेवाईकांचा पहिला प्रश्न होता, "मध्य प्रदेशातली म्हणजे हिंदी बोलणारी काय रे?" त्यांना समजावून सांगता सांगता माझाच भूगोल पक्का झाला. नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली आहेत. घरात मराठी, शेतात मराठी, भांडणही मराठीत. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तोवर कुणाला काही वाटायचे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर ही माणसे मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण पाटी अजून हिंदीत आणि बोलणे मराठीत असा प्रकार आहे. १९६७ चा जनमत कौल ज्यांच्या घरात अजून जेवताना निघतो, त्या गोव्याच्या वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. राज्य एक, भाषा एक, आणि दोन्हींवर सारखाच जीव. असो.

माझे सासरे सौंसरजवळच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत मास्तर होते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणतो आणि ते मला जावईबापू. त्यांची सायकल १९७४ ची. बावीस इंची, काळी, दांड्यांची ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे एवढे मोठे कॅरिअर आणि बसायची ती सीट स्प्रिंगांची. हेडवरचा पितळी बिल्ला इतका घासला गेला होता की कंपनीचे नावही वाचता येत नव्हते. या सायकलवर ते पस्तीस वर्षे शाळेत गेले. बाकी वेळात तिने संत्र्यांची डालगी वाहिली, ढेपेची पोती वाहिली, आणि माझ्या बायकोला व तिच्या भावाला पुढच्या दांडीवर बसवून जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाला नेऊन आणले.

सायकलच्या वरच्या दांडीला एक पोचा होता. अंगठा बसेल एवढा. तो गोटमारीतला. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही बातम्यांत पाहिली असेलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पळसाचे झाड आणि त्यावरचा झेंडा. दोन्हीकडून दगडांचा पाऊस. दरवर्षी डोकी फुटतात, कधी जीवही जातात, तरी ती थांबलेली नाही. मामाजींची बहीण पांढुर्ण्यात दिलेली, त्यामुळे पोळ्याला ते सायकलने तिकडे जात. एका वर्षी काठापासून बऱ्यापैकी लांब भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलवर एक भरकटलेला धोंडा आला. घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो पोचा दाखवला जाई. "धोंडा फुटला असन, पण नळी नाही फुटली," हे शेवटचे वाक्यही ठरलेले. मीही लग्नानंतर पहिल्या भेटीतच तो पोचा बोटाने चाचपून पाहिला आणि मनात पक्की नोंद केली की जुने लोखंड ते जुने लोखंड, त्याला मरण नाही.

ही नोंद चुकीची होती, पण ते कळायला मला बरीच वर्षे लागली.

२०१९ च्या उन्हाळ्यात मामाजींचे गुडघे संपावर गेले. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "जावईबापू, सायकल तुम्ही न्या. इथं उभी राहून राहून मरन ते." मेहुण्याकडे मोटारसायकल होती, त्याच्या मुलाला सायकल नको होती. मला मात्र भरून आले. इटारसीला गोवा एक्सप्रेसच्या लगेजमध्ये ती बुक केली आणि मडगावला उतरवून घेतली तेव्हा आपण काहीतरी वारसा घरी नेतो आहोत असे वाटले होते.

आमचे गाव फोंडा तालुक्यात, झुवारीच्या काठाला. सायकल पडवीत ठेवली. रविवारी नदीपर्यंत चक्कर, कधी बाजार. २०२० च्या टाळेबंदीत तर तिचे दिवस फिरले. सकाळी पोदेराचा पोंऽऽ पोंऽऽ ऐकू आला की मी सायकल काढून त्याच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत जायचो. त्याची सायकल आणि माझी सायकल शेजारी शेजारी उभ्या असत. त्याच्या मागे उंड्यांची पाटी, माझ्या मागे रिकामे कॅरिअर. तो म्हणायचा, "ही सायकल आतां मेळना." मी फुगायचो. निगाही राखत होतो असे मला वाटे. चेनला तेल, हबला तेल, आणि अंगाला, म्हणजे फ्रेमला, महिन्यातून एकदा खोबरेलाचा हात. चकचकीत दिसायची.

२०२२ च्या श्रावणात देवळाच्या उतारावरून येताना मला हँडल मऊ लागले. हवा कमी असेल म्हणून वाकून पाहतो तोच कट्ट असा आवाज झाला आणि पुढचे चाक माझ्याकडे सरकले. खालची तिरपी नळी बॉटमजवळ, म्हणजे पायडलांचा दांडा जिथून आरपार जातो त्या वाटोळ्याजवळ, तुटली होती. वेग नव्हता म्हणून गुडघ्याच्या सालीवर निभावले. दांडीवर गोटमारीचा पोचा तसाच होता. त्याला काहीही झाले नव्हते!

फोंड्यातल्या मिस्त्रीने फ्रेम उलटी केली, पान्याने नळीवर ठकठक केले. वरच्या दांडीचा आवाज घंटेसारखा आला, खालच्या नळीचा मडक्यासारखा. मग तुटक्या तोंडातून स्क्रू-ड्रायव्हर आत घालून त्याने हलवला आणि मूठभर लाल भुगा जमिनीवर पडला. "बाब, भायल्यान बरें दिसता, भितर सगळें कुसलां," तो म्हणाला. वर पत्रा मारून वेल्डिंग करून देतो, पण वर्षभराची हमी नाही, असेही म्हणाला. खरे बोलला. कुजलेल्या नळीवर वेल्डिंग म्हणजे ओल्या भिंतीवर चुना.

आता प्रश्न सायकलचा नव्हता. मामाजींना सांगायचे कसे, हा होता. पंचेचाळीस वर्षे त्यांनी चालवली आणि मी चार पावसाळ्यांत मोडली. फोनवर दर रविवारी ते विचारायचे, "सायकल काय म्हनते?" आणि मी म्हणायचो, "मजेत." तब्बल अडीच महिने म्हणत होतो. कारकुनाला फाईल 'विचाराधीन' ठेवायची सवय असते, ती घरातही उपयोगी पडते.

दिवाळीला जायचे ठरले तेव्हा फ्रेमचे सगळे सामान उतरवले, नुसता सांगाडा गोणपाटात शिवला आणि गाडीत चढवला. इटारसीला बदलून आमला, मुलताई करत पांढुर्ण्याला उतरलो. मेहुणा पांढुर्ण्यातच राहतो. त्याला आधी विश्वासात घेतले. तो फ्रेम घेऊन आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेला आणि आम्ही बसने सौंसरला.

मामाजी ओसरीवर बसले होते. चहा झाला. मी एका दमात सांगून टाकले. ते रागावतील, निदान गप्प बसतील असे वाटले होते. त्यांनी मास्तरासारखा प्रश्न विचारला.

"कुठून तुटली?"

"खालच्या नळीतून. बॉटमजवळ."

"तेल घालत होते ना जी?"

"घालत होतो. चेनला, हबला. बाहेरून खोबरेलही लावत होतो."

"अन् नळीत?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. नळीत तेल?

"नळीले आतून तेल पाजा लागते, जावईबापू. जवसाचं. दरसाली मृगाच्या अगोदर. ओव्हरऑइलिंगले बॉटम खोलला का सीटची दांडी काढाची, वरून दोन छटाक तेल ओताचं, फ्रेम उलटीपालटी कराची अन् रातभर टांगून ठेवाची. उरलं ते बॉटमातून गळून जाते." मग थोडे थांबून म्हणाले, "मी सांगतलं नव्हतं का तुमाले?"

"नाही."

"मंग चूक माही हाय."

त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला गुडघ्याच्या सालीपेक्षा जास्त झोंबले. पंचेचाळीस वर्षे जी गोष्ट ते दर मे महिन्यात करत होते, ती सांगावी लागते हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. आणि मी पोच्याची गोष्ट वीस वेळा ऐकली होती, तेलाची एकदाही विचारली नव्हती.

जवस तिकडे शेतात होतो, जवसाची चटणी ताटात असते, तेलही घरात असते. त्या तेलाचा गुण असा की ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. चित्रकार तैलरंगात तेच तेल वापरतात ते याच गुणासाठी. मामाजी ते आधी कढवून घेत, म्हणजे लवकर सुकते. आपले खोबरेल कधीच असे सुकत नाही. थंडीत थिजेल, उन्हात पातळ होईल, पण पापुद्रा धरणार नाही. मी आतून काहीच घातले नव्हते आणि बाहेरून घातले तेही चुकीचे. त्यात आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यांच्याकडे हजाराच्या आसपास. आमच्या हवेत खाडीचा खार, त्यांच्याकडे उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटवणारा कोरडा वारा. सीटच्या दांडीच्या फटीतून पाणी आत जाते, उभ्या नळीतून उतरून बॉटमात साचते आणि तिथून तिरप्या नळीच्या तळाला ओल धरून ठेवते. तुटते ते तिथेच.

दुसऱ्या दिवशी मामाजी हट्टाने आमच्याबरोबर पांढुर्ण्याला आले. मिस्त्रीने फ्रेम लोखंडी घोड्यावर बांधली होती. आता इथे थोडे तांत्रिक सांगतो, पण मी बी. ए. मराठीचा माणूस आहे, तेव्हा मला कळले तेवढेच.

जुन्या सायकलीच्या फ्रेममध्ये नळ्या एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यावर एक लोखंडी खोबण असते, तिला लग म्हणतात. नळी लगमध्ये बसवायची आणि मधल्या फटीत पितळ वितळवून सोडायचे. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळते, लोखंडाला पंधराशेच्या आसपास जावे लागते. त्यामुळे सांधा होतो पण नळी वितळत नाही. आणि याच कारणाने सांधा पुन्हा सोडवताही येतो. मिस्त्रीने गॅसची ज्योत लगवर फिरवली, लोखंड लाल झाले, कडेने पितळाचा पिवळा थेंब डोकावला आणि त्याने पकडीने नळीचा तुटका भाग पिळून बाहेर ओढला. दाढ काढावी तसा. फोंड्याचा मिस्त्री भंगारात टाका म्हणत होता ती फ्रेम दुरुस्त होणार होती, कारण १९७४ साली कुणीतरी ती वेल्डिंगने कायमची जखडून न टाकता पितळाने बांधली होती.

मग माझ्या आग्रहावरून त्याने नळी उभी चिरली. मेहुण्याचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. तिकडे आत्याच्या नवऱ्याला फुवाजी म्हणतात, म्हणून मी त्याचा फुवाजी. त्याने कॉलेजचा व्हर्निअर आणला होता. वरच्या टोकाला, जिथे गंज नव्हता, नळीची जाडी भरली १.२ मिलिमीटर.

मी पुन्हा मोजायला लावली. गोटमारीचा धोंडा झेलणारे, पोती वाहणारे, दोन पोरे दांडीवर आणि बायको मागे घेऊन फिरणारे लोखंड एवढेच? पोस्टकार्डे चार-पाच एकावर एक ठेवली तर तेवढी जाडी होईल. खालच्या टोकाला ती गंजाने कुठे ०.७, कुठे ०.५, आणि तुटली तिथे कागदाएवढी.

तेव्हापासून मी या नळीच्या मागे लागलो. सुट्टीत वाचले, भाच्याला छळले. जे कळले ते थोडक्यात असे.

आजच्या सायकलचा आकार ठरला तो १८८५ साली, इंग्लंडमधल्या जॉन केम्प स्टार्लीच्या रोव्हर सायकलने. त्याच सुमारास जर्मनीत मान्नेसमान बंधूंनी पोलादाच्या भरीव कांबीतून बिनसांध्याची नळी काढायची रीत शोधली. हलकी पण मजबूत नळी मिळू लागली. मग अडचण आली ती सांध्याची. नळी पातळ केली तर सांध्याजवळ तापवताना आणि पुढे वापरताना ती तिथेच मोडते, जाड ठेवली तर वजन वाढते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याचा मूळ धंदा खिळे बनवण्याचा. त्यांनी १८९७ साली तोड काढली. बाहेरून नळी सरळ एकसारखी, पण आतून दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ. तिचे पेटंट घेतले. पुढे १९३५ मध्ये त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनमचे ५३१ नावाचे पोलाद आणले. त्यात टोकाला ०.८ आणि मधे फक्त ०.५ मिलिमीटर जाडीच्या नळ्याही निघू लागल्या. शर्यतीच्या सायकली कित्येक दशके त्यावर धावल्या.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर कारखाने निघाले. १९४९ ला मद्रासची टी. आय. सायकल्स, १९५१ ला सोनिपतची अ‍ॅटलस, १९५६ ला लुधियानाची हिरो. (अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम २०२० च्या ३ जूनला थांबले. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.) आपल्याला शर्यती जिंकायच्या नव्हत्या, दूध, गवत, गॅसचे सिलिंडर आणि नवरा-बायको-पोर वाहायचे होते. रस्ता नसलेल्या जागीही जायचे होते. म्हणून साधे पोलाद, आणि टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची नळी. ती पट्टी गुंडाळून, कडा विजेने जोडून बनवलेली. तेव्हा मनात माझ्यासारखीच सगळ्यांची समजूत झाली की जाड म्हणजे टिकाऊ आणि जड म्हणजे मजबूत.

या समजुतीची परीक्षा मिस्त्रीच्या दुकानातच झाली. त्याच्या भंगारात दोन जुन्या फ्रेमींच्या तिरप्या नळ्या होत्या. दोन्ही बाहेरून सव्वा इंचाहून थोड्या कमी, २८.६ मिलिमीटरच्या, म्हणजे आमच्या लगमध्ये चपखल. एकीची जाडी १.२, दुसरीची १.६. "कोणती टाकू, मास्तर?" त्याने मामाजींना विचारले. मामाजींनी माझ्याकडे पाहिले. "जावईबापू सांगतील."

रात्री भाच्याने आणि मी वहीत हिशेब मांडला. पोलादाचे वजन घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरले. १.२ जाडीची नळी मीटरला सुमारे ८११ ग्रॅम, १.६ जाडीची १०६५. आमची नळी साठ सेंटिमीटरची. म्हणजे एक ४८७ ग्रॅमची, दुसरी ६३९ ची. फरक १५२ ग्रॅम. भाचा टोपलीतले एक मोठे संत्रे उचलून म्हणाला, "फुवाजी, एवढा." मंडीतल्या काट्यावर आमची नुसती फ्रेम चार किलोंच्या थोडी वर भरली होती आणि सगळ्या सामानासकट ही सायकल बावीसच्या घरात. म्हणजे तिन्ही मुख्य नळ्या पातळ घेतल्या तरी वाचणार जेमतेम अर्धा किलो. सायकल जड असते ती लोखंडी रिमा, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर आणि पायडलांच्या दांड्यांनी. आपण बोल लावतो बिचाऱ्या नळीला.

मग ताकदीचा हिशेब. जाडी १.२ ची १.६ केली तर नळीचा ताठपणा सव्वापटीहून थोडा जास्त वाढतो, आणि वजन त्याहून थोडे अधिक. म्हणजे जेवढे द्याल तेवढेच मिळते, वर काही नाही. पण जाडी तीच ठेवून नळीचा घेर वाढवला, २८.६ ऐवजी ३१.८ केला, तर वजन बारा टक्क्यांनी वाढते आणि ताठपणा एकोणचाळीस टक्क्यांनी. वाकण्याविरुद्ध लढते ते मध्यापासून लांब असलेले लोखंड. बांबू पोकळ असून ताठ उभा राहतो तो याच हिशेबाने. आणि गंमत म्हणजे महाग पोलाद आणले तरी ताठपणा तोच राहतो. ते मोडायला जास्त जोर लागतो, वाकवायला तेवढाच. आमच्या लगचे भोक ठरलेले, तेव्हा घेर वाढवायचा प्रश्न नव्हता.

मग जाडीचा खरा उपयोग काय? दोन गोष्टी. एक, पोचा. धोंडा लागला तर जाड नळी दबत नाही किंवा थोडीच दबते. ०.५ ची नळी असती तर त्या पोळ्याला तिचा चिमटाच झाला असता. दुसरी, गंजाला खायला जास्त लोखंड. पण हे म्हणजे घरात चोर शिरतो म्हणून जास्त सामान भरून ठेवण्यासारखे झाले.

टिकण्याबद्दल एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटली. तार सारखी इकडेतिकडे वाकवली की तुटते हे आपण जाणतो. पोलादाला या थकव्याची एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या आत राहिला तर लाखो हेलकावे बसोत, ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नाही. मामाजींच्या सायकलने पंचेचाळीस वर्षे खड्डे खाल्ले ते या मर्यादेच्या आत राहून. पण आतून गंजाचा एक खड्डा पडला की सगळा ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, चीर तिथे सुरू होते आणि ती मर्यादा नावालाच उरते. म्हणजे बाहेरून बसलेला धोंड्याचा घाव तिने जन्मभर मिरवला, आणि आतली ओल चार पावसाळेही सोसली नाही. यावरून आमच्या मराठी शाळांपर्यंत आणि कुठे कुठे मन गेले ते लिहीत नाही. गोव्यात मराठी म्हटले की तुलना आपोआप होतात, त्या तुमच्या तुम्ही करा.

सकाळी मी मिस्त्रीला म्हटले, "१.६ ची टाका." मामाजींनी भुवई उंचावली. "काहून जी? पहिली तर बारीकच होती." मी म्हटले, "एका संत्र्याचा तर फरक आहे. समजा एखाद्या वर्षी तेल घालायला कुणी विसरलेच, तर तेवढीच सवड." ते हसले. "म्हंजे इसरनार हे ठरलंच हाय."

नळी बसली. पितळ भरले, घासले, काळा रंग मारला. सोनेरी रेघ मात्र त्या एका नळीवर नाही. मामाजींनी घरून आणलेल्या बाटलीतले कढवलेले जवसाचे तेल स्वतः ओतले. हात थरथरत होते म्हणून फ्रेम मी उलटी केली, त्यांनी सांगितले तशी. आधी डोक्यावर, मग कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. तेल नळ्यांतून फिरतानाचा बारीक आवाज येत होता. मेहुण्याच्या दाराच्या आढ्याला ती रात्रभर टांगली. खाली परात ठेवली होती, सकाळी तिच्यात तांबूस तेल जमले होते.

परतीची तिकिटे दोन दिवसांनंतरची होती. फ्रेम पुन्हा गोणपाटात शिवायला मी सुई-दोरा काढला तेव्हा मामाजी म्हणाले, "राहू द्या. गोव्याले नका नेऊ आता." आवाजात राग नव्हता. "तिकडची हवा तिले मानवत नाही."

मी सुई-दोरा परत ठेवला. काय बोलणार? दिलेली वस्तू त्यांनी परत घेतली आणि त्यांचे बरोबर होते. गाडीत बायको म्हणाली, "बाबांना वाईट वाटलं असेल तुला सांगताना." मी म्हटले, "मला तर बरे वाटले." ते अर्धेच खरे होते.

सायकल आता पांढुर्ण्यात असते. ज्याला ती आधी नको होती तोच भाचा ती चालवतो. तिचा हिशेब वहीत मांडल्यापासून त्याचा तिच्यावर जीव बसला असावा. मे महिन्यात त्याचा फोन येतो, "फुवाजी, आज तेल पाजलं." मामाजी मागून ओरडतात, "कढवलं होतं का, इचार!"

निघताना मिस्त्रीने चिरलेल्या नळीचा हा तुकडा मला कागदात गुंडाळून दिला. १.२ पासून कागदाएवढ्या जाडीपर्यंतचा सगळा उतार त्या चार इंचांत दिसतो. पहिल्या पावसाळ्यात कचेरीच्या दमट हवेत त्यावर नवा लाल थर धरू लागला आणि फाईलीवर डाग पडले. साहेबांनी विचारले, हे काय? त्या रात्री मी तुकडा घरी नेला, सौंसरहून आणलेल्या बाटलीतले थोडे जवसाचे तेल कढवले, आतून-बाहेरून लावले आणि खिडकीत टांगून ठेवला.

आता डाग पडत नाहीत.